तळ्याकाठच्या मुंग्या

क्लातेन, ६ जुलै १९९३

विलुजेंग पोरी,

आशीर्वाद. तू, जावई आणि छोटी खुशाल असाल असं मी धरून चालतो, कारण तुझं पत्र येऊन युग लोटलं. समारिंदाला शाईचा दुष्काळ पडलाय का?

आम्ही दोघं बरे आहोत. माझी साखर डॉक्टर म्हणतात तेवढीच आहे आणि तुझ्या आईचे गुडघे ती म्हणते तेवढे दुखतात. पण सध्या मला पार जेरीला आणलंय ते मुंग्यांनी. हसू नकोस! सगळी हयात साखर कारखान्यात बॉयलरपुढे काढली, पोत्यांच्या थप्प्यांवर झोपलो, तेव्हा एक मुंगी कधी चावली नाही. आणि आता म्हातारपणी, घरात साखर औषधापुरती, तर ह्या माझ्या जिवावर उठल्यात.

मागच्या तळ्याच्या बांधावर बघ. ईद झाली आणि त्यानंतर केव्हातरी सुरू झालं. बांबूच्या बेटातून लाल मुंग्यांची रांग निघते ती थेट अळूच्या कोपऱ्यापर्यंत. माशांना पानं टाकायला बसलो की पायांना डसतात. ते एक वेळ सोसलं असतं, पण त्यांनी बांध पोखरलाय. आपल्याकडच्या ह्या कोरड्या महिन्यांत तळ्याचं पाणी एरवी उतरतं त्याहून जास्त उतरायला लागलंय. असंच चाललं तर मासे चिखलात येतील.

आणि हे मासे काही साधे नाहीत, हे तुला सांगायला नको. बोटाएवढी गुरामेची पिल्लं बासुकीनं जहाजावर जायच्या आदल्या दिवशी सोडली होती. म्हणाला होता, "ही ताटाएवढी झाली की मी आलोच समजा. माझ्या लग्नात हीच वाढायची." आता ती माझ्या पंजाहून मोठी झालीत. लगीनघाई त्यांनाच झालीय.

बासुकीचं पत्र नाही. परक्या देशाचं मासेमारी जहाज, भर समुद्रात, तिथं टपाल कुठून येणार? मी त्याच्या सायकलला दर रविवारी तेल घालतो. तुझी आई त्याचा जन्मवार फिरून आला की उपास धरते, दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही. लेकरू परगावी असलं की आईनं करायचं ते सगळं करते.

शेजारचे कार्सो म्हणतात, बाजारात पांढरी पावडर मिळते, बांधावर भुरभुरली की काम फत्ते. पण तू रोपवाटिकेत काम करतेस, मुंग्या-किडे तुझ्या रोजच्या ओळखीचे. म्हटलं तुला विचारावं. लवकर लिही.

तुझा बाप,
दार्माजी

•

समारिंदा, २४ जुलै १९९३

प्रिय बाबा,

शाई आहे, वेळ नाही. छोटीला गोवर आला होता. आता बरी आहे, शेजाऱ्यांची कोंबडी पकडायला धावते.

आधी कामाचं. पावडर अजिबात नको! कार्सोकाकांना सांगा, ती स्वतःच्या छपरावर टाका. वारा सुटला की ती पाण्यात जाते, आणि जे मुंगीला मारतं ते माशाला आधी मारतं. फवाराही नको. उकळतं पाणीही बांधावर ओतू नका, ते झिरपून तळ्यात उतरेल आणि बांधावरचं गवत मेलं तर माती आणखी सुटेल. चुलीतली राख टाकायचा मोह होईल, तीही पाण्यात जाता कामा नये.

काय करायचं ते सांगते. बांबूच्या ज्या फांद्या बांधावर टेकतात त्या छाटा. मुंग्यांचा तो पूलच असतो. ज्या वाटेनं रांग जाते ती वाट साबणाच्या फडक्यानं पुसा, पण पाण्यापासून लांब. वास गेला की त्यांना रस्ता सापडत नाही. बांधाची भोकं ओल्या चिकणमातीनं ठासून भरा. आणि आई कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवते ना, ती युक्ती सगळ्यात खरी. मुंगीला पाणी ओलांडता येत नाही.

पण बाबा, मुख्य गोष्ट दुसरीच आहे. मुंगी उगीच फिरायला येत नाही. त्या कोपऱ्यात त्यांना काहीतरी खायला मिळतंय. ते काय आहे ते शोधा, नाहीतर बाकी सगळं करून काही उपयोग नाही. पेरू पडतात का तिथं? आणि खरं सांगा, तुम्ही तर आईची नजर चुकवून तळ्यामागे बसून गोड खात नाही ना?

बासुकीसाठी शर्टाचं कापड घेतलंय, निळं, चौकटीचं. तो आला की तुमचा साखरेचा डबा आठवड्यात रिकामा होईल. त्याच्या कॉफीत चमचा उभा राहायला हवा असतो! त्याची काही खबर लागली तर मला तार करा, पत्राची वाट बघू नका.

आईला सांगा, तिच्या हातच्या सोयाबीनच्या तेंपेची फार आठवण येते.

तुमची,
विलुजेंग

•

क्लातेन, १९ ऑगस्ट १९९३

विलुजेंग,

तुझं पत्र पोचलं, पण उशिरा. आम्ही दोघं नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. कार्सोंनी मागे परस्पर पावडर टाकून ठेवली. मदत म्हणून! आम्ही परत आलो तर चार मासे पोट वर करून तरंगत होते. मी त्यांना तोंडाला येईल ते बोललो. बिचारे कुंपणापाशी टोपी चुरगाळत उभे राहिले. पाट फोडून तळ्याचं पाणी तीनदा बदललं, बांधावरची वरची माती खरवडून लांब पुरली, तेव्हा बाकीचे वाचले.

मेलेले मासे खाण्यात अर्थ नव्हता हे मलाही कळतं. पण तुझ्या आईनं काय करावं? बासुकीचा जुना सदरा फाडला, एकेक मासा त्यात गुंडाळला आणि पेरूच्या झाडाखाली पुरला. आणि रडली, अगं, तिची स्वतःची आई गेली तेव्हा रडली नव्हती इतकी. मी म्हटलं, "लासिनेम, मासेच आहेत." तर माझ्याकडे तिनं असं बघितलं की मीच माती लोटायला लागलो.

आणखीही काही बघतो. साखरेचा डबा भराभर उतरतोय. विचारलं तर म्हणते, "मुंग्यांनी खाल्ली." डब्याला झाकण घट्ट आहे. गुरुवारी तिन्हीसांजेला तळ्याकडे जाते आणि बराच वेळ येत नाही. एकदा कानावर आलं, ती कुणाशीतरी बोलत होती. मी गेलो तर म्हणाली, "माशांशी बोलत होते."

तू सांगितलंस तसं फांद्या छाटल्या, भोकं भरली, वाट पुसली. मुंग्यांनी चार दिवसांत नवी वाट काढली. तुझं खरं आहे, तिथं काहीतरी आहे. पण पेरू तिकडे पडत नाहीत. आणि मी चोरून खात नाही, आगाऊ कुठली!

आता जे लिहितो ते बसून वाच. हे मी तुला आधीच कळवायला हवं होतं. बासुकी नाही गं राहिला.

ईद झाली आणि मी बसथांब्यावर उभा होतो. पलीकडच्या गावचा तारमन भेटला, त्याच्याच जहाजावरचा. मला बघून तो मागे फिरायला लागला, मी हाक मारून थांबवला. म्हणाला, मोठं वादळ झालं, बासुकी जाळं सोडवायला बाहेर गेला होता. लाट आली आणि गेली, तो दिसला नाही. दिवसभर शोधलं. मी तिथल्या बाकावर बसून राहिलो. बस आली, गेली. घरी आलो तर तुझी आई म्हणाली, "उशीर झाला? आज त्याचा जन्मवार आहे, मी उपास धरलाय." तिच्या तोंडाकडे बघून मी म्हटलं, बस चुकली.

तिला हे कळलं तर ती एका दिवसात झोपेल, उठणार नाही. तिची सगळी उमेद त्या उपासावर टांगलेली आहे. म्हणून सायकलला तेल घालतो, म्हणून त्याच्याबद्दल 'येईल, येईल' करतो. तू पत्रात काही लिहू नकोस. ती मला तुझी पत्रं वाचून दाखवायला लावते. हे पत्र मी कारखान्याजवळच्या टपालपेटीत टाकतोय.

तुझा बाप

•

समारिंदा, ७ सप्टेंबर १९९३

बाबा,

हे पत्र मी कार्सोकाकांच्या पत्त्यावर पाठवतेय, म्हणजे आईच्या हाती लागणार नाही.

मी काय लिहू? निळं कापड माझ्यासमोर घडी करून ठेवलंय. छोटी विचारते, "आई, कांदा कापलास?" तुम्ही इतके महिने हे एकट्यानं उरात धरून बसलात. माझा राग आहे तुमच्यावर, फार राग आहे, आणि तुम्हाला जवळ घेऊन रडावंसंही वाटतंय. माझा भाऊ होता तो, बाबा. त्याला सायकल मी शिकवली होती.

पण आता आईचं बघा. माशांना सदऱ्यात गुंडाळणं, साखर सांडणं, एकटीच बोलणं, ही लक्षणं मला बरी दिसत नाहीत. मोठ्या मावशीचं असंच सुरू झालं होतं. आधी मीठ-साखर हरवायला लागली, मग माणसं. मला वाटतं, आई साखर घेऊन तळ्याकडे जाते, माशांना म्हणून टाकते आणि विसरते. म्हणूनच मुंग्या. साखरेचा डबा वरच्या फळीवर कुलपात ठेवा आणि तिला डॉक्टरांकडे न्या. तिला एकटीला पाण्याकडे जाऊ देऊ नका, हात जोडते.

आणि तिला सांगायचं की नाही, मला ठरवता येत नाही. तिचं मन ठिकाणावर नसेल तर सांगणं म्हणजे तिला ढकलून देणंच. तुम्ही म्हणाल तसं.

तुमची,
विलुजेंग

•

क्लातेन, २ ऑक्टोबर १९९३

विलुजेंग,

हे पत्र मी ओट्यावर बसून उघड्यावर लिहितोय. तुझी आई शेजारी अळूची पानं चिरते आहे.

तुझं पत्र वाचून मी डबा उचलला, वरच्या फळीवर ठेवला, कुलूप लावलं. तिनं बघितलं. फक्त म्हणाली, "गुरुवारी किल्ली लागेल." मी म्हटलं, गुरुवारीच का गं? तर पदर ओढून आत गेली. किल्ली दिली मी. मला नाही जमलं नाही म्हणायला.

शुक्रवारी सकाळी उजाडताच मी मुंग्यांच्या रांगेबरोबर चालत निघालो. अक्षरशः वाकून, नाक जमिनीला लावून, कार्सोंनी बघितलं असतं तर मलाच डॉक्टरकडे नेलं असतं. रांग बांबूतून निघाली, बांधावर आली, अळूच्या मोठ्या पानाखाली शिरली. पान उचललं. खाली पाण्याला लागून कॉफीचा ग्लास. मुंग्यांनी काठ लाल झालेला.

आता तुला ठाऊक आहे, दर गुरुवारी तिन्हीसांजेला आपल्याकडे गेलेल्या माणसांसाठी कॉफी ठेवतात. आपल्या घरी ती आतल्या खोलीत ठेवतात, माझ्या बापासाठी, आणि कडू. माझ्या बापाला कॉफीत साखर म्हणजे बायकी चोचले वाटायचे. मग हा दुसरा ग्लास कुणाचा? मी मुंग्या झटकल्या आणि बोट बुडवून चाटलं.

पोरी, दात आंबले. असली कॉफी ह्या घरात एकच माणूस प्यायचा. मी त्याला नेहमी म्हणायचो, "अरे, कॉफी पितोस की पाक?"

ग्लास हातात धरून मी खालीच बसलो, मुंग्यांत. डसत होत्या, कळलं नाही. मागून आवाज आला, "ठेवा तो खाली. त्याचा आहे."

तुझी आई उभी होती. मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"तारमनच्या आईनं. बाजारात. ईद झाली आणि लगेच."

"म्हणजे तेव्हापासून..."

"तेव्हापासून."

"आणि तो उपास गं? जन्मवाराचा? तो तर जिवंत लेकरासाठी धरतात!"

ती म्हणाली, "तो उपास बासुकीसाठी नव्हता हो. तुमच्यासाठी होता. तुम्ही दर रविवारी त्या सायकलपाशी बसायचात. मला वाटलं, ह्यांना अजून आशा आहे. मी उपास सोडला तर ह्यांना कळेल, आणि ह्यांचं हृदय आधीच कमजोर."

मी सायकलीला तेल कुणासाठी घालत होतो ते मी तिला सांगितलं. ती मटकन माझ्याशेजारी बसली. मग आम्ही दोघं लहान पोरांसारखे रडलो. इतके महिने एका घरात, एका ताटाला बसून, दोघं एकमेकांना त्याच्या येण्याच्या गोष्टी सांगत होतो! लग्नात मंडप कुठं घालायचा ह्यावरून भांडलोसुद्धा होतो गं आम्ही, जूनमध्ये.

मी विचारलं, "आतल्या खोलीत का नाही ठेवलीस?" तर म्हणाली, "तो पाण्यात आहे. त्याला कबर नाही. आपल्याकडे पाणी एवढंच आहे."

तेव्हा डॉक्टर नको, कुलूप नको. तुझी आई तुझ्या-माझ्याहून शहाणी आहे. मासे का पुरले तेही मला आता कळलं, आणि तुलाही कळलं असेल.

मुंग्यांचं म्हणशील तर तुझीच युक्ती वापरली. नदीवरून एक सपाट दगड आणला, तळ्यात काठापासून हातभर आत बसवला. चहूबाजूंनी पाणी. गुरुवारी तुझ्या आईनं काठावरून ग्लास दिला, मी गुडघाभर पाण्यात उतरून दगडावर ठेवला. मुंग्या काठापर्यंत आल्या आणि परत गेल्या.

मौलवींशी बोललो. ज्याचा देह सापडत नाही त्याच्यासाठीही नमाज आहे. पुढच्या महिन्यात करू. तू ये. बोट, विमान, जे मिळेल त्यानं ये.

तुझा बाप

ताजा कलम: तुझी आई विचारते, निळं कापड आणशील का?

•

समारिंदा, १५ ऑक्टोबर १९९३

बाबा, आई,

बोटीचं तिकीट काढलं. छोटीला घेऊन येते. कापड आणते.

आई, मी तुझ्याबद्दल बाबांना जे लिहिलं होतं ते त्यांनी तुला वाचून दाखवलं नसेल तर कधीच दाखवू नये. मी इतक्या लांबून तुला ओळखायला विसरले. मला माफ कर.

विलुजेंग

•

क्लातेन, १० डिसेंबर १९९३

विलुजेंग,

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कळलं. तू गेल्यापासून घर खायला उठतं. छोटीनं कुंपणावर काढलेली कोंबडी कार्सोंनी पुसू दिली नाही. ते रोज येऊन बसतात. मी त्यांना कधीच माफ केलंय, पण ते विश्वास ठेवायला तयार नाहीत.

नमाजच्या जेवणाला लोक आले होते ते सगळे तुझ्या आईच्या माशांचं अजून बोलतात. पंगतीत तिनं स्वतःच्या हातानं वाढलं, तू बघितलंसच. लग्नात वाढायचे होते ते ह्यात वाढले. तिनं दोनच राखलेत, तुला दाखवले होते ते. त्यांना आता कुणी हात लावायचा नाही.

सायकल तारमनला दिली. घेत नव्हता. मी म्हटलं, साखळीला तेल घातलेलं आहे, वाया कशाला घालवतोस? निळं कापड कपाटात आहे. त्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या आहेतच.

आता मुंग्यांचं. दगड उत्तम चालला. तू होतीस तोपर्यंत एक मुंगी त्या ग्लासापर्यंत पोचली नाही. बांध पक्का झाला, पाणी टिकतंय. मी मिशीला पीळ देत फिरत होतो. पण तू गेल्यावरच्या शुक्रवारी सकाळी मी ग्लास काढून आणला तर तुझी आई तो हातात धरून बघत बसली. मी विचारलं, काय झालं गं?

म्हणाली, "भरलेलाच आहे."

"भरलेलाच असणार. मुंग्या येत नाहीत आता."

"आधी सकाळी थोडी कमी झालेली असायची."

मी तिच्याकडे बघितलं. तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, ती कमी कुणामुळे व्हायची. इतके महिने ती दर शुक्रवारी सकाळी त्या मुंग्या झटकून ग्लास विसळत होती. ती आत गेली, दिवसभर जेवली नाही.

काल गुरुवारी, ग्लास ठेवायच्या आधी, मी दगड पाण्यातून काढला. तळ्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात, जिथं बांध दगडी आहे आणि कुणाला पोखरता येत नाही, तिथं पाण्याला लागून तो मांडला. छाटलेल्या बांबूची एक लांब फांदी बेटापासून तिथपर्यंत आडवी टाकून दिली. बांधावरची जुनी वाट मात्र साबणानं स्वच्छ पुसली. तू शिकवलंस तेच सगळं, फक्त उलटं.

आज सकाळी अजून तोंडही धुतलं नव्हतं, तर तुझी आई मला हाका मारत आली. हाताला धरून तळ्याकडे घेऊन गेली. ग्लास दाखवला. म्हणाली, "बघा. एक बोट कमी झालीय."

मी वाकून बघितलं. म्हटलं, "हो गं. झालीय खरी."

तुझा बाप,
दार्माजी